जाड्या सेस्टाचा लांब पल्ल्याचा गोल

फुटबॉलमधल्या बॅकच्या गोष्टी कोणी सांगत नाही. मी स्वतः बरीच वर्षं बॅक खेळलो, म्हणून हे दुखणं मला ठाऊक आहे. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. चेंडू अडवणाऱ्यानं काय, आपलं काम केलं! म्हणूनच कार्ल सेस्टा माझा लाडका. त्याचा एक गोल मी पोरांना कितीदा रंगवून सांगितला असेल, याची गणती नाही.

सेस्टा 1906 चा, व्हिएन्नाच्या सिमरिंग भागातला. शिकला लोहारकाम, खेळला कुस्ती, आणि व्हिएन्नाची गाणीही झकास गायचा. देह असा, की लोक त्याला ‘ब्लाडे’ म्हणत. आपल्याकडे सरळ ‘जाड्या’ म्हटलं असतं. पण जाड्या चपळ होता, आणि त्याची लाथ म्हणजे घणाचा घाव. व्हिएन्नात 1924 पासून व्यावसायिक लीग होती; फुटबॉलवर पोट भरता येत होतं. ही पोटाची गोष्ट पुढे लागेल.

7 डिसेंबर 1932 ला लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर प्रशिक्षक ह्यूगो माइझलचा ‘वुंडरटीम’, म्हणजे ऑस्ट्रियाचा नावाजलेला राष्ट्रीय संघ, इंग्लंडशी 4-3 असा हरला. बॅकच्या जागी राइनर आणि सेस्टा. 1934 च्या विश्वचषकात तिसऱ्या जागेसाठी नेपल्सला जर्मनीशी सामना झाला. ऑस्ट्रिया 3-2 नं हरली, पण त्या दोनांतला एक गोल सेस्टाचा. त्याच वर्षी तो ऑस्ट्रिया व्हिएन्ना क्लबात आला आणि 1936 मध्ये क्लबानं मध्य युरोपातल्या क्लबांचा मित्रोपा कप जिंकला.

मार्च 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळली. 10 एप्रिलला त्यावर सार्वमत व्हायचं होतं. त्याच्या आठवडाभर आधी, 3 एप्रिलला, प्राटर स्टेडियमवर जर्मनीशी ‘सलोख्याचा’ सामना ठेवला. ऑस्ट्रियाचा संघ म्हणून युद्ध संपेपर्यंत तो शेवटचाच. ऑस्ट्रियाचा सेंटर फॉरवर्ड सिंडेलारनं पहिला गोल केला. दुसरा सेस्टाचा: फ्री किक, अंतर सुमारे 45 मीटर. 2-0. मी सांगायचो तो हाच गोल, आणि सांगताना सेस्टाला नाझींना भिडलेला वीर करून टाकायचो.

पुढचं मला फार उशिरा वाचायला मिळालं. नाझींनी व्यावसायिक फुटबॉल बंद केला. खेळाडूंचा पगार गेला. सेस्टाच्या क्लबाचे ज्यू अध्यक्ष मिखल श्वार्त्झ यांना पदावरून काढलं. शहरातल्या ज्यूंची दुकानं, धंदे हिसकावून इतरांच्या हाती दिले जात होते. या लुटीला ‘आर्यीकरण’ असं सोवळं नाव होतं. त्यात एक बेकरी सेस्टानं घेतली. सिंडेलारनंही असाच एका ज्यू मालकाचा कॅफे घेतला. पोटापाण्याचा प्रश्न होता, हे खरं. पण पोट त्या बेकरीवाल्यालाही होतं.

1941-42 मध्ये सेस्टा जर्मनीकडून तीन सामने खेळला. युद्ध संपल्यावर, ऑगस्ट 1945 मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा ऑस्ट्रियाचा शर्ट चढवून बुडापेस्टला हंगेरीविरुद्ध उतरला. ऑस्ट्रियाकडून एकूण 44 सामने. 1974 मध्ये वारला.

बॅक म्हणून तो पहिल्या दर्जाचा होता, यात मला आजही शंका नाही. त्याला वीर म्हणणं मात्र मी सोडलं. तो गोल पोरांना अजून सांगतो, आणि त्याच दमात बेकरीचंही सांगतो.