दान आणि शून्य

फाशांच्या पडण्याला आपण मराठीत 'दान' म्हणतो. जणू समोर कोणी दाता बसला आहे. जुगारघराच्या इतिहासात मला हा दाता कोठेही आढळला नाही. आढळले ते शून्य.

रूलेटच्या चक्रावर १ ते ३६ आणि एक शून्य अशी ३७ घरे असतात. नेमका आकडा लागल्यास नफा मिळतो पस्तीसपट; न्यायाने तो छत्तीसपट हवा. या फरकामुळे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांतील सरासरी २ रुपये ७० पैसे जुगारघराकडे राहतात. दोन शून्यांच्या चक्रावर हा वाटा ५ रुपये २६ पैसे होतो. १८४३ साली जर्मनीतील होम्बुर्ग येथे ब्लांक बंधूंनी एकाच शून्याचे चक्र आणले. वाटा घटला, परंतु खेळाडू लोटले आणि जुगारघर भरभराटले.

१८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लो येथे सलग २६ वेळा काळा रंग आला. 'आता लालच येणार' या भरवशावर अनेकजण बुडाले. वस्तुतः प्रत्येक फेरीत लालची शक्यता ३७ पैकी १८ एवढीच होती.

आज मांडवीतील जहाजांवरही रूलेट खेळले जाते. आपल्या मुलांना नशिबाच्या कथा सांगण्यापूर्वी हा हिशेब शिकवावा, एवढीच माझी विनंती.