धुराचा हिशेब

एखाद्याला सिगारेटपायी दुखणे जडले, की आपण चटकन म्हणतो, ‘स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं!’ अमेरिकेतील सिगारेट-कंपन्यांनी हेच म्हणणे चाळीस वर्षे कोर्टात ढालीसारखे पुढे केले. ती ढाल कशी निकामी झाली, ते आज सांगतो.

१९५० साली डॉल आणि हिल या इंग्रज संशोधकांनी लंडनच्या इस्पितळांतील रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध तीत स्पष्ट दिसला. कंपन्या हादरल्या. ४ जानेवारी १९५४ रोजी त्यांनी अमेरिकेतील ४०० हून अधिक वृत्तपत्रांत निवेदन छापले: पुरावा निर्णायक नाही, संशोधनाला आम्ही मदत करू, लोकांचे आरोग्य आम्हांला सर्वांत मोलाचे. आतल्या गोटात मात्र निराळेच बोलणे चाले. निकोटिनचे व्यसन लागते, असे एका कंपनीच्याच वकिलाने १९६३ साली टिपणात लिहिले. टिपण कपाटात राहिले. रोगी कोर्टात हरत राहिले.

मे १९९४ मध्ये मिसिसिपी राज्याचे ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी राज्याच्या वतीने दावा लावला. मुद्दा कुणालाही पटावा असा होता. रोग्याने सिगारेट ओढली असेल. राज्याने कुठं ओढली? मग गोरगरिबांच्या औषधपाण्याचा खर्च सरकारी तिजोरीने का सोसावा? पाहता पाहता इतर राज्येही उठली. नोव्हेंबर १९९८ मध्ये चार मोठ्या कंपन्यांनी ४६ राज्यांशी करार केला. २५ वर्षांत सुमारे २०,६०० कोटी डॉलर द्यायचे, रस्त्यांवरील जाहिरातींचे फलक उतरवायचे आणि कंपन्यांचे आतले कागद लोकांना खुले करायचे, असे ठरले.

पण शिक्षकबंधूंनी पुढचे पानही मुलांना सांगावे. करार होताच मोठ्या कंपन्यांनी पाकिटामागे ४५ सेंट भाव वाढवला. म्हणजे दंड भरला तो ओढणाऱ्यानेच! बऱ्याच राज्यांनी आलेल्या रकमेतला लहानसा वाटाच व्यसनमुक्तीला दिला. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी, कंपन्यांनी जनतेची फसवणूक केली, असा निकाल दिला आणि खरे काय ते स्वतःच्या तोंडाने जाहीर करा, असे बजावले. अपिलांत दिवस गेले. वृत्तपत्रांत ती कबुली छापून यायला २०१७ साल उजाडले.

पैसा आला आणि खर्चून गेला. टिकले ते कागद. म्हणून कुणाला ‘ओढवून घेतलं’ म्हणण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा: हे घातक आहे, हे विकणाऱ्याला केव्हापासून ठाऊक होतं?