पंधरा किलोची दांडी

बडोद्यात आमच्या घराजवळ एक साधंसं जिम आहे. तिथे स्टँडवर लोखंडी दांड्या एकीशेजारी एक ठेवलेल्या असतात. जिममध्ये त्यांना कुणी दांडी म्हणत नाही, 'रॉड' म्हणतात. एक २० किलोचा, दुसरा १५ किलोचा. दुसरा थोडा आखूड, आणि पकडायच्या जागी बारीक. मोठ्याची जाडी २८ मिलिमीटर, याची २५. ट्रेनर मुलगा त्याला 'लेडीज रॉड' म्हणतो. छप्पन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा तो खांद्यांवर घेतला, एकही प्लेट न लावता, आणि खाली बसून उठले. "आंटी, एडी नहीं उठनी चाहिए," एवढंच तो म्हणाला.

मी जिममध्ये गेले ते आईमुळे. शेवटच्या काही वर्षांत आईनं जमिनीवर बसणं सोडलं होतं. बसता येई, उठता येत नसे. जन्मभर पाटावर बसून जेवलेली, विळीवर भाजी चिरलेली बाई मंगळागौरीला कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पोरींचे खेळ बघत राही. तिचं हृदय ठीक होतं, स्मरणशक्ती ठीक होती. गेले होते ते फक्त मांड्यांचे स्नायू. पण त्यांच्याबरोबर तिचं घरातलं निम्मं जग गेलं.

त्या पातळ रॉडचा इतिहास शोधायला लागले तेव्हा वाटलं होतं की पुरुषांच्या खेळात बायकांना दिलेली ती एक सवलत असेल. वाचत गेले तसं लक्षात आलं की तो मिळवायला शंभरावर वर्षं लागली आहेत.

स्क्वॉटला आपल्याकडे जुना शब्द आहे, बैठक. दंड-बैठका. याच बडोद्यात १९३६ पासून मराठीत व्यायामज्ञानकोशाचे जाडजूड खंड निघाले. व्यायामाला इतक्या गांभीर्यानं घेणारी ही भाषा. पण तालमीची पायरी बाईनं चढायची नाही, हा नियम गावोगाव होता. बायका बैठका मारत नव्हत्या असं मात्र नाही. बसफुगडी आठवून पाहा: उकिडवं बसायचं, चवड्यांवर तोल सांभाळायचा आणि एकेक पाय आळीपाळीनं पुढे फेकायचा. आजच्या ट्रेनरला ती करायला सांगितली तर दहाव्या फेरीला मांड्या थरथरतील. फरक इतकाच की तिला खेळ म्हणत, व्यायाम नाही, आणि किती फेऱ्या झाल्या याची नोंद कुठल्या वहीत होत नसे. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कडेवर मूल, हे वजनही कुणी कधी काट्यावर घातलं नाही.

जिमच्या यंत्रांचा पूर्वज स्टॉकहोममध्ये सापडतो. गुस्ताव झांडर या स्वीडिश डॉक्टरनं १८६५ मध्ये तिथे संस्था काढली. पाय ताणण्यासाठी, गुडघा वाकवण्यासाठी, नितंबांसाठी अशी वेगवेगळी यंत्रं त्यानं बनवली. तरफेवर वजन सरकवून भार कमीजास्त करता येई. आजचा लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन यांची बीजं तिथेच आहेत. त्या यंत्रांच्या जुन्या चित्रांत लांब झग्यातल्या स्त्रियाही दिसतात. बाईला तिथे प्रवेश होता, पण रुग्ण म्हणून. तिचा अशक्तपणा बरा करायचा होता. तिनं बलवान व्हावं, हा विचार त्या चित्रांत नाही. जड वजन उचललं तर गर्भाशयाला इजा होते, ही भीती डॉक्टरच घालत असत. ती भीती मोलकरणीला किंवा खाणीत राबणाऱ्या बाईला मात्र कुणी घातली नाही.

बलवान बाई दिसायची ती सर्कशीत. केटी सँडविना हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १८८४ मध्ये व्हिएन्नात एका सर्कशीतल्या कुटुंबात ती जन्मली. मूळ आडनाव ब्रुमबाख. युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध बलवान, १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानातही खेळ करून गेलेला. त्याचंच नाव स्त्रीलिंगी करून केटीनं घेतलं. तिनं सँडोला वजन उचलण्यात हरवलं, ही कथा जाहिरातीत शोभते, पुराव्यावर ती टिकत नाही. नवऱ्याला एका हातानं डोक्यावर उचलणं हा तिचा नेहमीचा खेळ होता. पुढे अमेरिकेत बार्नम अँड बेलीच्या सर्कशीत ती गेली. १९१२ मध्ये त्या सर्कशीतल्या बायकांनी मताधिकारासाठी संघटना केली, तेव्हा केटी तिच्यात पुढे होती. तंबूत टाळ्या मिळत होत्या. पण तंबूबाहेर मत नव्हतं, आणि तिच्या वजनांना स्पर्धेचा पंच नव्हता. सर्कशीतली बाई हा चमत्कार होता. चमत्कार बघायचा असतो, तसं व्हायचं नसतं.

ही भिंत फोडली कॅलिफोर्नियातल्या एका टेलिफोन ऑपरेटरनं. ॲबी स्टॉकटन. लहानपणीचं टोपणनाव 'पजी', म्हणजे गुटगुटीत. बैठ्या नोकरीत वजन वाढलं म्हणून मित्रानं तिला डंबेल्स आणून दिले. पुढे तोच तिचा नवरा झाला. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर, ज्याला मसल बीच म्हणत, ती उघड्यावर, हजारो लोकांसमोर वजनं उचलू लागली. १९४४ पासून तिनं 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' मासिकात बायकांसाठी सदर लिहिलं. वजन उचलून बाई पुरुषी होत नाही, हे तिनं युक्तिवादानं सांगितलंच, शिवाय स्वतःची छायाचित्रंही दिली. १९४७ मध्ये तिनं लॉस एंजेलिसमध्ये अधिकृत मान्यता असलेली बायकांची वेटलिफ्टिंग स्पर्धा घडवून आणली. पंच आले, पट्ट्यावर आकडे लिहिले गेले. तरी त्यानंतर तीस वर्षं त्यातून फारसं काही उभं राहिलं नाही.

मग सत्तरचं दशक आलं. १९७० मध्ये आर्थर जोन्सनं नॉटिलस यंत्रं बाजारात आणली. त्यांत शंखाच्या आकाराचं चाक असे आणि त्यामुळे हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर स्नायूंना योग्य तितका भार मिळे. यंत्रात बसलं की रॉड अंगावर पडायची भीती नाही, मागे आधाराला कुणा पुरुषानं उभं राहायची गरज नाही. पुष्कळ बायका जिममध्ये शिरल्या त्या या यंत्रांच्या दारानं. १९७२ मध्ये अमेरिकेत शाळा-कॉलेजांतला लिंगभेद रोखणारा कायदा झाला आणि मुलींना मैदानं मिळाली.

त्याच सुमारास जॅन टॉड नावाची तरुणी नवऱ्याबरोबर जिममध्ये जाऊ लागली. डेडलिफ्ट म्हणजे वजन जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलून ताठ उभं राहणं. त्यात गिनेस बुकात १९२६ पासून एका बाईचा ३९२ पौंडांचा विक्रम होता. १९७५ मध्ये टॉडनं ३९४.५ पौंड, म्हणजे सुमारे १७९ किलो उचलले. पुढे ५०० पौंडांहून जास्त वजन खांद्यांवर घेऊन बैठक मारणारी ती पहिली स्त्री ठरली. मला तिचं पुढलं काम जास्त मोलाचं वाटतं. टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक होऊन तिनं व्यायामाच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय उभं केलं आणि विसरलेल्या बलवान बायकांवर लिहिलं. उचललेलं वजन लिहून ठेवलं नाही तर ते उचललंच नव्हतं असं ठरतं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं असेल?

वेटलिफ्टिंगमध्ये बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचला झाली. नऊ वजनगट होते, वर्चस्व चिनी मुलींचं. रॉड मात्र पुरुषांचाच, २० किलोचा. लहान तळव्यांनी जाड लोखंड धरायचं, बोटं पूर्ण वळायची नाहीत, आणि पकड सुटली तर दोष बाईच्या ताकदीचा. १५ किलोचा बारीक रॉड आला तो ऑलिंपिकचं दार उघडायच्या बेतात असताना. हत्यार हाताला बेतलं की कळतं, उणीव हातात नव्हती.

वेटलिफ्टिंग बघताना वाटतं की हात उचलताहेत. खरं उचलतात ते पाय. जमिनीवरून वजन सुटतं ते गुडघे आणि नितंब सरळ होताना. रॉड वर जात असताना बाई झटकन त्याच्याखाली खोल बैठकीत जाते, खांद्यांवर तो झेलते आणि त्या बैठकीतून उठते. पुढचा झटकाही मांड्यांचाच. उठताच आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

आपल्याकडे हे पहिल्यांदा जगाला दाखवलं इम्फाळच्या कुंजराणी देवीनं. १९८९ मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत तिनं तीन रौप्यपदकं मिळवली, आणि २००६ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. मग श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या लहानशा गावातली कर्णम मल्लेश्वरी. १९९४ आणि १९९५ मध्ये ती जगज्जेती झाली. २००० मध्ये सिडनीला बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये प्रथमच आलं. १९ सप्टेंबरला ६९ किलो गटात तिनं स्नॅचमध्ये ११० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३० किलो उचलले. एकूण २४०. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री, आणि त्या ऑलिंपिकमधलं भारताचं ते एकमेव पदक. शेवटच्या प्रयत्नात तिनं रॉडवर १३७.५ किलो चढवायला सांगितले होते. ते पेललं असतं तर सुवर्ण होतं. पेललं नाही. आपण कांस्यपदकाची आठवण काढतो. मला आठवतो तो फसलेला प्रयत्न, कारण एका भारतीय बाईनं जगासमोर उघडपणे स्वतःच्या आवाक्यापलीकडचं काही मागितलं होतं.

मीराबाई चानूची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे: मोठ्या भावाला न उचललेली सरपणाची मोळी तिनं लहानपणी सहज घरी आणली. एप्रिल २०२१ मध्ये तिनं ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला आणि त्याच वर्षी टोकियोत एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक घेतलं. पुढल्याच वर्षी ग्रीसमधल्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत मावळातल्या वडगावची हर्षदा गरुड ४५ किलो गटात १५३ किलो उचलून सुवर्णपदक घेऊन आली. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलंच सुवर्ण. मोळी आणि रॉड, दोन्ही तेच पाय उचलतात. पण मोळीला कुणी पदक देत नाही.

पदकांशी माझ्यासारखीचा काय संबंध, असं कुणी विचारेल. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या निवासी संस्थेतली नव्वदीची, अशक्त झालेली दहा माणसं घेतली. आठ आठवडे त्यांच्या मांड्यांच्या स्नायूंना चांगला जड व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली; दोघांची काठी सुटली. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यातल्या एका गटाकडून आठ महिने, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली जड स्क्वॉट आणि डेडलिफ्ट करून घेतले होते. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. "या वयात वजन उचलू नका" हा सल्ला आपल्या आयांना प्रेमानंच दिला गेला होता. तो चुकीचा होता. १९९० मध्ये आई साठीचीही नव्हती.

आता माझ्या रॉडला दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या प्लेटा असतात. एकूण ३५ किलो. मल्लेश्वरीसमोर हा आकडा काहीच नाही, पण वहीत मी तो तारखेसह लिहून ठेवते. शेजारच्या लेग प्रेसवर एक पटेलबेन असतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी परवा विचारलं, "आ सळियो बहु भारे छे?" मी म्हटलं, घेऊन बघा, पंधराच किलो आहे. घरच्या पाण्याच्या कळशीएवढा.

यंदा मंगळागौरीला भाचीकडे गेले होते. पोरींनी बसफुगडीला ओढलं. चार फेऱ्या झाल्या, दम लागला. मग हात न टेकता उठले.