पडद्यांविना पट्टी : एका बाकाची कुळकथा

ज्या तंतुवाद्याच्या मानेवर पडदे नसतात, त्यात तारांखालच्या लाकडी पट्टीला, म्हणजे फिंगरबोर्डला, दुहेरी काम करावे लागते : बोटाला आधार द्यायचा आणि पडद्याच्या जागी स्वतःच तार अडवून स्वर ठरवायचा. अशा पट्टीला दोन बाक असतात. आडव्या बाकाने ती मधे उंच राहून कडांकडे उतरते, तर उभा बाक म्हणजे मानेच्या लांबीत ठेवलेला अतिशय सूक्ष्म खोलगटपणा. फ्रेटलेस बास गिटारची पट्टी हाताला सुखकर कशी करावी, हा कारागिरापुढचा प्रश्न या दोन बाकांचाच आहे आणि त्याची मुळे बासपेक्षा पुष्कळ जुनी आहेत.

आडवा बाक मुळात डाव्या हाताच्या सुखासाठी आला नाही. तो गजामुळे आला. गज एका वेळी एकाच तारेवर फिरवता यावा म्हणून घोडीवर तारा कमानीत बसवाव्या लागतात आणि पट्टीलाही त्या कमानीप्रमाणे वळावे लागते. व्हायोलिनच्या पट्टीच्या बाकाची त्रिज्या सुमारे 42 मिलिमीटर, म्हणजे बाक तीव्र असतो, तो यासाठी. याउलट तंजावर भागातील तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव यांनी मैफलीत पुन्हा प्रतिष्ठित केलेल्या गोट्टुवाद्यम् या पडदेविरहित वीणेत तारांवरून गुळगुळीत दांडू सरकवायचा असल्याने तारा एका पातळीत ठेवाव्या लागतात. गजाच्या वाद्यांतही हा बाक कधी कधी हाताने बदलावा लागला : जर्मन चेलोवादक बर्नहार्ड रोम्बर्ग (1767–1841) याने चेलोच्या सर्वांत जाड तारेखालचा भाग तासून सपाट करण्याची रीत रूढ केली, कारण जोराने वाजवल्यावर ती तार रुंद झोके घेऊन पट्टीवर आपटत असे.

दक्षिण भारतात व्हायोलिन रुजले ते एकोणिसाव्या शतकात. बालुस्वामी दीक्षितर आणि दुसऱ्या सरफोजी राजांच्या तंजावर दरबाराशी संबंध असलेले वडिवेलू यांची नावे त्या आरंभाशी जोडली जातात. येथे पट्टी तासली गेली नाही, बैठक बदलली. वादक मांडी घालून बसला आणि वाद्याचे डोके त्याने उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवले, तेव्हा डाव्या हातावरचा वाद्य सावरण्याचा भार उतरला व गमकांसाठी तो हात पट्टीभर मोकळा सरकू लागला. वादनसुखासाठी झालेल्या सर्व बदलांत हा सर्वांत मूलगामी मानावा लागेल. पुढे म्हैसूरच्या टी. चौडय्या (1895–1967) यांनी, ध्वनिवर्धक सर्रास नसण्याच्या काळात आवाज दूरवर पोचावा म्हणून, चार तारांना आणखी तीन जोडून सात तारांचे व्हायोलिन वाजवले. त्यांनी हाताच्या सोयीपेक्षा नाद मोठा मानला. 

बास गिटारमध्ये गज नसल्यामुळे बाकाचे हे बंधन सुटले. फेंडर कंपनीने 1951 मध्ये आणलेल्या ‘प्रिसिजन’ बासला ते नाव पडद्यांमुळे मिळणाऱ्या अचूक स्वरांवरून मिळाले. तरी 1961 मध्ये बासवादक बिल वायमन याने आपल्या बासचे पडदे उपटले, 1966 मध्ये अँपेग कंपनीने पडदेविरहित बास बाजारात आणला आणि 1970 मध्ये फेंडरनेही तोच मार्ग धरला. फेंडरच्या जुन्या पट्टीची त्रिज्या 7.25 इंच, म्हणजे सुमारे 184 मिलिमीटर होती. व्हायोलिनच्या मानाने हा बाक फारच सौम्य. येथे तो घोडीच्या गरजेपेक्षा तळहाताच्या वळणाशी जुळतो, म्हणूनच तो वादकागणिक कमी-अधिक करता येतो. बासवादक जेको पास्टोरियस याने पडद्यांच्या खाचा भरून पट्टीवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचे थर चढवले, कारण गोल तारेचे वेढे असलेल्या तारा उघडे लाकूड खरवडून काढतात.

उभ्या बाकाचे काम याहून नाजूक आहे. तार मध्यभागी सर्वांत रुंद हलते, त्यामुळे मानेत थोडा खोलगटपणा हवा; तो ट्रस रॉड, म्हणजे मानेतली ताण-सळई, फिरवून साधतो. तो जास्त झाला तर तार उंच राहून बोटे थकतात, आणि पट्टीत कुठे उंचवटा राहिला तर तेथेच तार खरखरते. मात्र पट्टी लांबीत अगदी एकसारखी असली, तर दाबलेल्या बोटापुढे तार लाकडाला निसटती घासते आणि फ्रेटलेस बासचा तो गुंजणारा, लांबणारा स्वर उमटतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना मिरजेचे कारागीर हाच निसटता स्पर्श कानसेने साधतात. म्हणून आपला बास तासायला देणाऱ्या वादकाने जवारी काढणाऱ्याचाही सल्ला जरूर घ्यावा.