आगमनकाळ

आगमनकाळ हा ख्रिस्ती उपासनावर्षाच्या आरंभीचा, नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा प्रतीक्षाकाळ होय. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो. कॅथलिक उपासनेत या काळात जांभळी वस्त्रे वापरतात; १७ डिसेंबरपासून येशूजन्माच्या तयारीवर विशेष भर असतो. हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती अधिक लावण्याची प्रथा जर्मनीतून आली. अनेक मंडळ्यांत दुसरी मेणबत्ती शांतीची मानली जाते.

शांतीचे चिंतन

या काळात बायबलमधील यशया संदेष्टा व बाप्तिस्मा करणारा योहान यांच्याविषयीचे उतारे वाचले जातात. यशया राष्ट्राराष्ट्रांतील युद्धे थांबण्याची आशा मांडतो, तर योहान पश्चात्तापाचे आवाहन करतो. त्यामुळे येथे शांती म्हणजे केवळ मनाची निवांतता नव्हे. देवाशी व शेजाऱ्याशी तुटलेले नाते पुन्हा जोडणे, हा तिचा अर्थ आहे. म्हणूनच अनेक कॅथलिक भाविक नाताळपूर्वी पापनिवेदन करतात.

मराठी परंपरा

बीड जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद कॅथलिक धर्मप्रांतात येतो. बीडलगतच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे प्रोटेस्टंट मिशनमध्ये कार्य केलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग व कीर्तन यांचा अवलंब केला. देवाच्या भेटीची आर्त प्रतीक्षा हा संतकाव्याचा जुना विषय आहे. आगमनकाळातील चिंतनाला मराठीत त्यामुळे ओळखीची भाषा लाभली.