गुलबकावली आणि सोनटक्का

दुर्मिळ वस्तूस ‘गुलबकावलीचे फूल’ म्हणण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. लहानपणी ही कथा ऐकली तेव्हा ते फूल पऱ्यांच्या मुलखातले, माणसांच्या नव्हे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नव्हती. पुढे नोकरीच्या निमित्ताने भिलाईस आलो आणि शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकले की, ही गुलबकावली येथून फार दूर नाही. बिलासपूरवरून पेंड्रारोडला उतरावे आणि मैकलच्या डोंगरात अमरकंटकला जावे. आईच्या डोळ्यांत त्या वर्षी मोतीबिंदू उतरू लागला होता. तेव्हा ‘तिचा अर्क डोळ्यांत घाला’ हा सल्लाही ओघाने आलाच.

कथेतील राजाही आंधळाच होता. धाकट्या पुत्राचे मुख पाहताच त्याची दृष्टी जाते आणि बकावली परीच्या बागेतील फुलाखेरीज ती परत यावयाची नसते. थोरले चौघे पुत्र वाटेतच जुगारात सर्वस्व हरून बसतात. ज्याच्यामुळे दृष्टी गेली तो धाकटा ताजुल्मुलूकच ते फूल मिळवितो. ही कथा इज्जतुल्ला बंगाली याने 1722 साली फारसीत लिहिली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी निहालचंद लाहोरी याने 1803 च्या सुमारास तिला उर्दू गद्याचे रूप दिले, आणि लखनौच्या दयाशंकर ‘नसीम’ यांनी 1838 च्या सुमारास तिच्यावर ‘गुलज़ारे नसीम’ हे काव्य रचिले. मुंबईच्या कोहिनूर कंपनीने 1924 साली तिचा मूकपट काढला. 1955 साली ती तमिळ पडद्यावर आली, 1962 साली तेलुगू. कथेची भाषा फारसी खरी, पण बकावली नाचते ती इंद्राच्या सभेत. इंद्राच्या शापाने तिचे अर्धे अंग शिळा होते, आणि तिचा पुनर्जन्म होतो तो एका शेतकऱ्याच्या घरी. फारसी पेहराव केलेली ही कन्या याच भूमीतली, हे सांगावयास पंडित नको.

अमरकंटकच्या लोकांनी तर तिला थेट नर्मदेच्या घरात नेऊन बसविले आहे. तेथे अशी आख्यायिका सांगतात की, जो गुलबकावलीचे फूल आणील त्यासच कन्या देईन, असा मैकल राजाचा पण होता. शोणभद्राने फूल आणिले. परंतु नर्मदेने निरोप देऊन पाठविलेल्या जोहिलेसच तो नर्मदा समजला. रुसलेली नर्मदा पश्चिमेस वळली ती वळलीच. नर्मदा सागरास मिळते पश्चिमेकडे आणि शोण जातो गंगेकडे, या भूगोलाची ही लोकांनी लाविलेली संगती! मराठी माणसासही हा मुलूख अगदीच परका नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरकंटकचा परगणा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. 1857 नंतर इंग्रजांनी तो रेवा संस्थानास दिला.

भाद्रपदात आम्ही आईस घेऊन तेथे गेलो. ‘माई की बगिया’त ओलसर जागी हळदीसारख्या पानांचे दाट बन होते आणि त्यावर फुलपाखरांसारखी पांढरी फुले डोलत होती. आईस धड दिसत नव्हते. पण वास येताच ती थबकली. ‘‘अरे, हा तर आपला सोनटक्का!’’

खरोखरच तो सोनटक्का होता. कोकणातील परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा, तिन्हीसांजेस उमलून दुसऱ्या दिवशी मावळणारा, आलेहळदीच्या कुळातला. बंगालात हाच दोलनचाँपा. दूर क्यूबा देशाने त्यास राष्ट्रीय फुलाचा मान दिला आहे. ‘गुल’ शब्द फारसी. म्हणजे त्याचे गुलबकावली हे नाव फार तर फारसी अंमलाइतके जुने. रोप त्याहून कितीतरी जुने, आणि ते पूर्व हिमालयाच्या बाजूने कंदाकंदाने पसरत गेलेले. कथेने त्यास नाव दिले. त्या नावापाठोपाठ कथेतील गुणही लोकांनी त्यास चिकटविला.

येथे मात्र इतिहासाची आवड असणाऱ्याने सावध असावे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंगच गढूळ होणे. कोणत्याही फुलाच्या अर्काने ते निर्मळ होत नाही, आणि शुद्धतेची खात्री नसलेला थेंब डोळ्यास अपाय मात्र करू शकतो. आम्ही कुपी घेतली नाही. आईची शस्त्रक्रिया करविली, आणि तिला दिसू लागले. कथेवर प्रेम करावे. तिच्यावर डोळे सोपवू नयेत.

पुढे गावाहून आलेला एक कंद आईने क्वार्टरच्या मागे, नळाचे पाणी वाहते तेथे लावला. पहिले फूल तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. शेजारचे छत्तीसगढी कुटुंब त्यास गुलबकावली म्हणते, पलीकडच्या बंगाली बाई दोलनचाँपा, आणि आई सोनटक्का. संध्याकाळी फुले तिन्ही घरी जातात.