वेतन, बक्षीस आणि दाता : अमेरिकन उपाहारगृहांतील वाढप्यांच्या वेतनकराराचा इतिहास

१

मराठीत 'वेतन' हा शब्द संस्कृतातून, 'बक्षीस' हा फारसीतून आणि 'पगार' हा पोर्तुगीजांच्या सहवासातून आला. तिन्ही शब्दांनी निर्दिष्ट होणारी वस्तू पैसाच. परंतु तो कोणी, कोणास व कोणत्या नात्याने द्यावयाचा याविषयी या शब्दांची क्षेत्रे भिन्न आहेत. पगार मागता येतो, थकला तर त्यासाठी भांडताही येते. बक्षिसाची फार तर अपेक्षा करता येते. दिवाळीच्या पोस्तीचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे : ती देण्याचे बंधन नसते, पण न देणे शोभत नाही. घरगुती व्यवहारात हा सूक्ष्म भेद कोणास अडत नाही. मात्र ज्याची उपजीविकाच बक्षिसावर चालते अशा माणसाच्या बाबतीत या शब्दांच्या सीमारेषा कोठे आखावयाच्या हा प्रश्न न्यायालयापर्यंत व विधिमंडळापर्यंत जातो.

उपाहारगृहातील वाढपी हे याचे ठळक उदाहरण होय. त्याचा करार मालकाशी असतो, सेवा तो गिऱ्हाइकाची करतो, आणि त्याच्या हाती पडणारा पैसा या दोघांकडून येतो. करारावर ज्याची सही नाही अशा तिसऱ्या व्यक्तीच्या दातृत्वाचा करारातील वेतनाशी संबंध काय, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जितका दीर्घकाळ व जितक्या तपशिलाने लढविला गेला तितका क्वचितच अन्यत्र लढविला गेला असेल. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा विचार कर्तव्य आहे. या इतिहासात वेतनाचे आकडे महत्त्वाचे आहेतच. परंतु 'देणे' या क्रियापदाचा कर्ता कोण, या प्रश्नाच्या उत्तरावर ते आकडे वेळोवेळी अवलंबून राहिले, असे दिसून येईल.

२

टिप देण्याची चाल अमेरिकेत युरोपातून आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले व गुलामगिरी नष्ट झाली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना ज्या थोड्या व्यवसायांत सहज प्रवेश मिळाला त्यांत वाढप्याचा व हमालाचा व्यवसाय प्रमुख होता. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या पुलमन कंपनीने आपल्या शयनयानांतील सेवक या वर्गातूनच निवडले. त्यांना पगार तुटपुंजा मिळे आणि उरलेली भर उतारूंनी घालावी अशी अपेक्षा असे. १९१५ मध्ये औद्योगिक संबंधांविषयीच्या सरकारी आयोगापुढे या पद्धतीची जाहीर चौकशी झाली, त्या वेळी या सेवकांचा मासिक पगार २७.५० डॉलरपासून सुरू होत होता. ज्या समाजाची मजुरी पिढ्यान् पिढ्या बुडविली गेली, त्याच समाजाच्या नव्या मजुरीचा मोठा हिस्सा अनोळखी माणसाच्या मर्जीवर सोपविला गेला, हा योगायोग नव्हता.

या चालीला विरोधही झाला. टिप घेणे हे प्रजासत्ताकातील नागरिकाच्या समान प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे आहे, अशी या विरोधामागील भूमिका होती. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपबंदीचा कायदा केला. पुढील काही वर्षांत मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलायना, टेनेसी व जॉर्जिया या राज्यांनी त्याचे अनुकरण केले. १९२६ पर्यंत यांपैकी एकही कायदा शिल्लक राहिला नाही. या कायद्यांचा रोख टिपेच्या देण्याघेण्यावर होता. ज्या अपुऱ्या पगारामुळे ती घेणे भाग पडत होते त्यावर नव्हता. पगाराचा प्रश्न सेवकांनी स्वतःच हाती घेतला. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये पुलमन सेवकांची संघटना उभी राहिली, आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये कंपनीने तिच्याशी करार केला.

३

त्याच वर्षी, एका हॉटेलच्या खटल्यातूनच, वेतनकराराविषयीची न्यायालयीन भूमिका पालटली. तोपर्यंत करारस्वातंत्र्याच्या तत्त्वाचा पगडा होता. मजूर व मालक यांनी राजीखुशीने जो दर ठरविला असेल त्यात राज्याने हात घालू नये, या विचाराने १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी किमान वेतन ठरविणारा एक कायदा रद्दबातल केला होता. एल्सी पॅरिश ही वॉशिंग्टन राज्यातील वेनाची या गावी एका हॉटेलात खोल्या साफसूफ करण्याचे काम करीत असे. त्या राज्यात तिच्या कामाला ४८ तासांच्या आठवड्यास १४.५० डॉलर हा किमान दर ठरलेला होता. तिला त्याहून कमी मिळाले. फरकाच्या २१६.१९ डॉलरांसाठी तिने दावा लावला. २९ मार्च १९३७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने तिच्या बाजूने कौल दिला व १९२३ चा निर्णय फिरविला.

या निर्णयाचा अर्थ असा की, कमी दराने काम पत्करले एवढ्यावरून मालकाची जबाबदारी संपत नाही. ज्याला पोटासाठी काम पत्करावेच लागते त्याचा होकार आणि ज्याला दुसरा नोकर सहज मिळतो त्याचा होकार यांचे वजन सारखे धरता येत नाही. यापुढे वेतनकरारात कायदा हा एक पक्ष म्हणून उपस्थित राहणार होता. गिऱ्हाईक या पक्षाचे काय, हे मात्र अद्याप ठरावयाचे होते.

४

२५ जून १९३८ रोजी 'फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट' या संघराज्यीय कायद्यावर सही झाली आणि २४ ऑक्टोबरपासून ताशी २५ सेंट हे किमान वेतन अमलात आले. स्थानिक स्वरूपाच्या किरकोळ व सेवा व्यवसायांना या कायद्यातून सूट होती. त्यामुळे बहुतेक उपाहारगृहे त्याच्या बाहेर राहिली. तथापि 'वेतन' या संज्ञेच्या व्याख्येत एक महत्त्वाची तरतूद होती. मालक नोकरांना नेहमी पुरवीत असलेल्या भोजन, निवास इत्यादी सोयींचा वाजवी खर्च वेतनात जमेस धरता येत असे. वेतन म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे, हे येथे मान्य झाले. परंतु भोजन असो वा निवास, देणारा मालकच होता. क्रियापदाचा कर्ता बदललेला नव्हता.

तो बदलण्याचा प्रसंग रेल्वे स्थानकावरील हमालांच्या खटल्यात आला. फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथील स्थानक-कंपनीने नवा कायदा अमलात येताच आपल्या हमालांना नोटीस दिली. तिचा आशय असा : उतारूंकडून मिळालेल्या पैशांचा हिशेब हमालांनी द्यावा, ती रक्कम किमान वेतनापेक्षा कमी भरल्यास तूट कंपनी भरून काढील. टिप स्वतःची, आणि वेतन वेगळे, असे हमालांचे म्हणणे होते. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कंपनीची योजना ग्राह्य ठरविली. न्यायमूर्ती रीड यांनी लिहिलेल्या निर्णयात दोन विधाने शेजारी शेजारी आहेत. जेथे टिपेची चाल रूढ आहे तेथे, उलट करार नसल्यास, टिप ही घेणाऱ्याची असते, हे पहिले. तसा करार झालेला असल्यास, आणि कायदा आड येत नसल्यास, ती वेतनात धरण्यास हरकत नाही, हे दुसरे. नोटिशीनंतरही हमाल कामावर येत राहिले यातच कराराची स्वीकृती पाहण्यात आली.

येथे पॅरिश खटल्यातील विचार बाजूस पडलेला दिसतो. काम न सोडणे म्हणजे संमती, हे समीकरण पाच वर्षांपूर्वी अपुरे ठरले होते. ते वेगळ्या वाटेने परत आले. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी या निर्णयास विरोधी मत नोंदविले.

५

उपाहारगृहे व हॉटेले मोठ्या प्रमाणावर संघराज्यीय कायद्याच्या कक्षेत आली ती १९६६ च्या दुरुस्तीने. १ फेब्रुवारी १९६७ पासून नव्याने कक्षेत आलेल्या कामगारांना ताशी एक डॉलर हा किमान दर लागू झाला. त्याच दुरुस्तीने टिपेची वजावटही कायद्यात आणली. महिन्यास नियमितपणे २० डॉलरांहून अधिक टिप मिळविणाऱ्या कामगाराच्या बाबतीत मालकाला किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम टिपेच्या खाती टाकता येऊ लागली. म्हणजे एक डॉलरच्या दरापैकी मालकाच्या खिशातून पन्नास सेंट गेले तरी कायद्याचे पालन झाले.

या कलमाची वाक्यरचना भाषाभ्यासकाने पाहण्यासारखी आहे. मालकाने कामगारास दिलेली रक्कम टिपेच्या कारणाने वाढलेली आहे असे मानले जाईल, असा तिचा आशय. टिप ही वेतन आहे, असे कलम म्हणत नाही. गिऱ्हाइकाने वेतन दिले, असेही म्हणत नाही. मालकाचे देणे 'वाढलेले मानले जाते'. प्रयोग कर्मणी आहे. मानणारा अनुक्त आहे, आणि प्रत्यक्ष देणारा वाक्यात कोठेच नाही. गिऱ्हाइकाने टेबलावर ठेवलेले नाणे वाढप्याच्या हाती पडण्यापूर्वी व्याकरणाच्या वाटेने मालकाचे होऊन येते. कायद्याला अशा कल्पित गोष्टींची सवय असते. दत्तक पुत्रास औरस मानणे हे त्याचे परिचित उदाहरण. परंतु दत्तकविधानात ज्याच्या हिताकरिता कल्पना केली जाते तो दत्तकच असतो. येथे कल्पनेचा लाभ मालकाकडे गेला.

१९७४ च्या दुरुस्तीने या रचनेला काही अटी घातल्या. वजावटीची तरतूद कामगारास आधी समजावून दिली पाहिजे, आणि त्याला मिळालेली सर्व टिप त्याच्याचकडे राहिली पाहिजे. नेहमी टिप मिळविणाऱ्या कामगारांत ती एकत्र करून वाटण्यास तेवढी मुभा राहिली. मूक स्वीकृतीऐवजी सूचना देण्याचे कर्तव्य आले, ही १९४२ च्या तुलनेने प्रगतीच होय.

६

यानंतरचा इतिहास प्रमाणांचा आहे. १९७७ च्या दुरुस्तीने वजावटीची मर्यादा १९७९ मध्ये ४५ व १९८० मध्ये ४० टक्क्यांवर आणली. १९८९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा चढत जाऊन १ एप्रिल १९९१ पासून ५० टक्के झाली. त्या दिवशी किमान वेतन ४.२५ डॉलर झाले व वाढप्याला मालकाने द्यावयाचा रोख भाग २.१३ डॉलर ठरला. येथपर्यंत निदान एक संबंध अखंड होता : सर्वसामान्य किमान वेतन वाढले की त्याचा ठराविक हिस्सा म्हणून वाढप्याचा रोख पगारही वाढे.

१९९६ च्या कायद्याने हा धागा तोडला. किमान वेतन वाढविताना वाढप्याचा रोख भाग २.१३ डॉलर या आकड्यावर गोठविण्यात आला. २००९ मध्ये किमान वेतन ७.२५ डॉलर झाले आणि टिपेच्या खाती टाकता येणारी रक्कम ५.१२ डॉलरपर्यंत गेली. निम्म्याची मर्यादा अशा रीतीने सत्तर टक्क्यांपलीकडे सरकली. टिप कमी पडल्यास तूट मालकाने भरावयाची आहेच. पण ती मागण्यासाठी वाढप्याला आपल्या मिळकतीचा हिशेब घेऊन, ज्याच्या हाती कामाच्या पाळ्या आहेत त्याच मालकापुढे उभे राहावे लागते.

ही व्यवस्था अपरिहार्य नाही, हे अमेरिकेतच दिसते. कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन, नेव्हाडा, माँटाना, मिनेसोटा व अलास्का या सात राज्यांनी टिपेची वजावट नाकारली आहे; तेथे राज्याचे किमान वेतन मालकालाच पूर्ण द्यावे लागते, आणि टिप त्यावर अधिक. २०१८ मध्ये संघराज्यीय कायद्यानेही मालक, व्यवस्थापक व पर्यवेक्षक यांना कामगारांच्या टिपेतील हिस्सा ठेवून घेण्यास स्पष्ट मनाई केली.

७

भारतीय कायद्याने निराळा मार्ग धरला. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातील व्याख्येप्रमाणे, नोकरीच्या कराराच्या व्यक्त वा अव्यक्त अटी पूर्ण झाल्या असता जे देय होते ते वेतन. आणि किमान दराचा हक्क सोडून देणारा करार शून्यवत् ठरविलेला होता. पुढे २०१९ च्या वेतन संहितेत हा कायदा समाविष्ट झाला. टिपेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २०१६ मध्ये आयकराच्या निमित्ताने आला. गिऱ्हाइकाने कार्डावर दिलेली टिप हॉटेलच्या मालकाने गोळा करून नोकरांत वाटली, तर ती पगार होते काय? न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. दाता गिऱ्हाईक आहे. मालक हा मधला विश्वस्त आहे. नोकराला ती रक्कम मालकाकडून करारान्वये मागण्याचा हक्क नाही. येथे वाक्याचा कर्ता जागेवर राहिला.

तथापि हा भेद दुधारी आहे. टिप वेतन नसेल तर ती वजा घालून पगार कमी करता येत नाही. पण जादा कामाचा दर वा भविष्यनिर्वाह निधी ठरवितानाही ती मोजली जात नाही. ज्याची निम्मी मिळकत टिपेतून येते त्याचे म्हातारपण उरलेल्या निम्म्यावर ठरते. व्याख्येने संरक्षण मिळते ते पगार पुरेसा असेल तेथेच पुरे पडते.

या संदर्भात 'ग्रॅच्युइटी' हा शब्द उद्बोधक आहे. इंग्रजीत त्याचा एक अर्थ टिप असाच आहे, आणि मुळात तो मर्जीने दिलेल्या देणगीचा वाचक. भारतात मात्र दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या रकमेला तो लागला, आणि १९७२ च्या कायद्याने ती रक्कम मागून घेता येण्याजोगा हक्क झाली. मराठीत तिला 'उपदान' म्हणतात. शब्दात दानाची छटा अजून आहे, व्यवहारात ती उरलेली नाही. जी रक्कम एके काळी मालकाच्या मर्जीवर होती ती हक्काची झाली, कारण ती कोणी द्यावयाची, कोणास, किती व केव्हा, हे कायद्याने निःसंदिग्ध वाक्यांत सांगितले. अमेरिकन वाढप्याच्या वेतनात दरताशी ५.१२ डॉलरपर्यंतच्या रकमेचा दाता अद्याप वाक्याबाहेरच उभा आहे.